जुनी सॅन स्टॉर्म (दोन सीटची छोटी गाडी) आंबा घाटात ट्रकांमागे गरम होते, सपाटीला वेगात ठीक असते. काय करू?

इंजिन उघडायच्या आधी रेडिएटरचा पंखा तपासा. वेगात वारा आपसूक लागतो. घाटात रांगताना सगळी मदार पंख्यावर. गाडी उभी करून चालू ठेवा. तापमानाचा काटा वर चढला तरी पंखा फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला करंट जोडणारा स्विच), मग तापमानाचा सेन्सर, आणि शेवटी मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघा. मी रत्नागिरीत जुन्या गाड्यांचंच काम करतो. खारा वारा कनेक्टर आणि रेडिएटरची जाळी दोन्ही खातो. जाळीचा बोटाने चुरा होत असेल तर नव्या पंख्यानेही फरक पडणार नाही, रेडिएटरच बदला. बोअरचं पाणी घालू नका, आत क्षार साचतात; कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) काढून टाका म्हणणारे भेटतीलच, ऐकू नका. मात्र गळती दिसत नसताना कूलंट कमी होत असेल, किंवा थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलवर. मग पंख्याच्या मागे लागू नका, आणि ते तपासेपर्यंत घाटही चढू नका.