कनू नंतर बघू, आधी १३ मे

कॅनडातल्या मिसिसागाहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "पाच वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो. वय ३८, पगार वर्षाला ८० हजार डॉलर, पत्नीची अर्धवेळ नोकरी २० हजारांची. मुलं ८ आणि ३ वर्षांची. ऑगस्टमध्ये अल्गॉन्क्विन पार्कला सहा रात्री जायचं आहे. तीन रात्री पॉग लेकच्या कॅम्पग्राउंडवर, पुढच्या तीन कनूने (वल्ह्यांच्या हलक्या होडीने) आत जाऊन. सामानासकट खर्च ७,५०० डॉलर. कर्ज काढण्यापेक्षा आरआरएसपीतून (निवृत्तीच्या बचतीच्या खात्यातून) घ्यावेत असं वाटतं. आपलेच पैसे, व्याजही नाही. टीएफएसएमध्ये (करमुक्त बचतीच्या खात्यात) ४,२०० आहेत, पण ते अडीअडचणीला ठेवलेत. मुलांच्या शिक्षणासाठी दोन ग्रुप आरईएसपी (अनेक कुटुंबांचे पैसे एकत्र गुंतवणारे शिक्षण-बचतीचे प्लॅन) आहेत, दरमहा दोनशे-दोनशे. धाकट्याच्या प्लॅनवर १४ मार्चलाच सही केली, म्हणून सध्या जरा ओढाताण आहे. आरआरएसपीचा निर्णय बरोबर आहे ना?"

नाही. पण त्याकडे नंतर येतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ शेवटून दुसरी आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

ग्रुप आरईएसपीवर सही केल्यापासून ६० दिवसांच्या आत माघार घेतली, तर भरलेले सगळे पैसे शुल्कासकट परत मिळतात. १४ मार्चपासून ६० दिवस म्हणजे १३ मे. तुम्ही सोबत जोडलेल्या करारात धाकट्याच्या नावावर २४ युनिट (प्लॅनमधले हिस्से) आहेत आणि दर युनिटला १०० डॉलर नोंदणी शुल्क आहे. म्हणजे २,४०० डॉलर. हे शुल्क अठरा वर्षांत सावकाश कापत नाहीत, सुरुवातीलाच कापतात. निम्मं शुल्क वसूल होईपर्यंत तुमचा अख्खा हप्ता त्यात जातो, त्यानंतर उरलेलं फिटेपर्यंत अर्धा. तुमच्या आकड्यांत मांडायचं तर पहिले सहा महिने एकही डॉलर मुलाच्या नावे गुंतत नाही आणि पुढचे बारा महिने शंभरच गुंततात. दीड वर्षात तुम्ही ३,६०० भरता आणि खात्यात १,२०० असतात. हे एजंटने सांगितलं होतं का? पत्रावरून तरी वाटत नाही.

एजंटने काय सांगितलं ते मात्र तुम्ही लिहिलं आहे: "ग्रुपमधले बरेच जण मध्येच सोडतात, त्यांच्या पैशावरचं उत्पन्न टिकणाऱ्यांना मिळतं, म्हणून ८ टक्के सहज सुटतात." पहिला भाग खरा आहे, आणि तोच धोक्याचा आहे. हप्ते जड जाताहेत असं लिहिणारा माणूस टिकणाऱ्यांत असेल की गळणाऱ्यांत? आठ टक्क्यांचं तर सोडूनच द्या. अशा प्लॅनचा पैसा परंपरेने बहुतांशी रोख्यांत असतो, आणि रोख्यांवर ८ टक्के 'सहज' सुटले असते तर ग्रुपची गरजच कुणाला पडली असती?

तेव्हा हे उत्तर वाचून झालं की आधी पत्र लिहा. पत्र एजंटला नाही, कंपनीच्या मुख्य कार्यालयाला. त्यात करार क्रमांक, सहीची तारीख आणि '६० दिवसांच्या मुदतीत माघार घेत आहे, संपूर्ण रक्कम परत करावी' एवढं एक वाक्य. करारावर पत्नीचीही सही असेल तर पत्रावरही दोघांच्या सह्या हव्यात. रजिस्टर्ड टपालाने पाठवा, त्याच दिवशी ईमेलही करा आणि पावती जपून ठेवा. १५ मेचा तिसरा हप्ता खात्यातून जाऊ नये म्हणून बँकेलाही लेखी कळवा. एजंटचा फोन येईल. "सरकारी अनुदान बुडेल" असं तो म्हणेल. दोन हप्त्यांवरचं अनुदान ८० डॉलर आहे, ते सरकारकडे परत जाईल. ८० डॉलरपायी २,४०० घालवू नका. फोनवर तोंडी 'बघतो, सांगतो' झालं की दिवस निघून जातात आणि मुदत सहीच्या तारखेपासूनच मोजली जाते.

धाकट्याचं शिक्षण यामुळे अडत नाही. बँकेत किंवा ब्रोकरकडे साधं आरईएसपी उघडता येतं, त्याला नोंदणी शुल्क नसतं. सरकार वर्षाला पहिल्या २,५०० डॉलरवर २० टक्के म्हणजे ५०० देतं, आयुष्यभराची मर्यादा ७,२००. राहून गेलेल्या वर्षांचं अनुदान पुढे घेता येतं, पण एका वर्षात जास्तीत जास्त १,०००. मुलगा तीन वर्षांचा आहे. चार-पाच महिने हप्ता थांबला तर काही बिघडत नाही.

थोरल्याचं गणित वेगळं आहे. तिथे तीन वर्षांत ३६ हप्ते म्हणजे ७,२०० भरून झाले. त्यातले २,४०० शुल्कात गेले, ते आता परत येणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या दुःखात निर्णय घेऊ नका. उरले ४,८००, अधिक अनुदान साधारण १,४४०, अधिक थोडं उत्पन्न. इथे 'बंद करा' आणि 'हलवा' या दोन शब्दांत फार अंतर आहे. बंद केलंत तर उत्पन्न ग्रुपकडे राहतं आणि १,४४० सरकारकडे परत जातात. दुसऱ्या आरईएसपीत हलवलंत तर तुमची मूळ रक्कम आणि अनुदान बरोबर येतं, उत्पन्न मात्र बहुधा मागे राहतं. कंपनीकडून तीन आकडे लेखी मागवा: आज हलवल्यास किती मिळेल, किती उत्पन्न सोडावं लागेल, आणि मुदतीअखेर नोंदणी शुल्काचा काही भाग परत देणार असतील तर त्याची हमी आहे की नुसती 'शक्यता'. सोडावं लागणारं उत्पन्न पाच-सहाशेच्या आत असेल आणि परताव्याची हमी नसेल, तर हलवा. जितका उशीर कराल तितकं मागे सोडायचं उत्पन्न वाढेल आणि मग पाय निघणार नाही.

आता तुमचा प्रश्न. आरआरएसपीतून ५,००० ते १५,००० च्या दरम्यान रक्कम काढली की बँक जागेवरच २० टक्के कर कापते. ७,५०० काढलेत तर हातात ६,००० येतील. ७,५०० हातात हवेत तर सुमारे ९,४०० काढावे लागतील. आणि हा कर अंतिम नाही. ओंटारिओत तुमच्या पगारावर वरच्या डॉलरला कर ३० टक्क्यांच्या आसपास पडतो, म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये आणखी हजारभर भरायचे. शिवाय ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, त्यामुळे त्यानंतरच्या जुलैपासूनचा मुलांचा सरकारी भत्ता वर्षभरात साधारण पाचशेने घटेल. ९,४००, १,००० आणि ५०० मिळून सात-साडेसात हजारांची सहल अकरा हजारांच्या घरात जाते. वर आरआरएसपीत तेवढी रक्कम पुन्हा भरण्याची जागा कायमची गेली, ती टीएफएसएसारखी पुढच्या जानेवारीत परत मिळत नाही. याला बिनव्याजी म्हणतात होय?

पण खरं म्हणजे ७,५०० लागतच नाहीत. तुमच्या यादीत कनू २,९००, गाडीच्या टपावरचा रॅक ४५०, तंबू ९००, स्लीपिंग बॅग ६००, स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर आणि खाणं ठेवायचं बॅरल मिळून ६५०, लाइफ जॅकेट ४००, कपडे ६००, परमिट ४००, पेट्रोल १५०, खाणं ४५०. यातलं पाच महिने आधी सकाळी सातला बसून परमिट मिळवलंत, ते उत्तम केलंत. बाकीची यादी कुणातरी दुकानदाराने लिहिल्यासारखी दिसते.

पार्कमधल्या कनू लेकच्या काठावरच कनू भाड्याने मिळतात. रॅक नको, लाइफ जॅकेट आणि वल्ही बहुधा भाड्यातच येतात, पण तीन वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का ते आधी विचारा. तुम्हीच पाठवलेल्या दरपत्रकात कनू दिवसाला ५५ आहे, तीन दिवसांचे १६५. बॅरल आणि फिल्टर भाड्याने ६०. चौघांचा बेताचा तंबू ३००, स्लीपिंग बॅग आणि चटया मिळून ३२०, स्टोव्ह ७०, रेनकोट वगैरे २००, पेट्रोल १५०, खाणं ३००. बेरीज १,५६५, परमिट धरून दोन हजाराच्या आत. ऑगस्टच्या अखेरीस रात्र कधी १० अंशांच्या खाली जाते, शून्य ते पाच अंशांची बॅग पुरते. उणे पंधराची बॅग विकणारा तुम्हाला जानेवारीची बॅग विकतोय.

पार्कच्या आतल्या भागात खाण्यापिण्याच्या पदार्थांचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, त्यामुळे यादीतले डबाबंद छोले-राजमा घरीच राहू द्या. तीन रात्रींच्या खिचडीला चौघांना तांदूळ-मूगडाळ मिळून सव्वा किलो पुरे. बरोबर भाजणी, पोहे, मेतकूट, गूळ. २३० ग्रॅमचे गॅसचे दोन डबे घ्या. खाण्याचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, बॅरलमध्ये घालून जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दोन मीटर लांब टांगायचं. मुलाच्या खिशातला एक लाडूसुद्धा तंबूत नको, अस्वल त्याच्या वासावर येतं. सरपण घरून नेऊ नका, त्यातून झाडांना कीड पसरते. तिथेच विकत मिळतं.

तीन वर्षांचं मूल असताना रोज नवा मुक्काम करू नका. कनू लेकवरून जो लेकला जाताना कनू उचलून चालायचं अंतर जेमतेम ३०० मीटर आहे, पण सामान आणि मुलं धरून त्या वाटेने तीन फेऱ्या होतात. तेवढंच करा आणि एकाच जागी तीन रात्री रहा. ओपिओंगो तळ्याला अशी वाट चालावी लागत नाही म्हणून तिकडे मन वळेल, पण ते पार्कमधलं सगळ्यात मोठं तळं आहे. दुपारी वारा सुटला की भरलेल्या कनूला लाटा झेपत नाहीत.

परमिटचे पैसे भरून झालेत, म्हणजे ऑगस्टपर्यंत १,५६५ उभे करायचे. धाकट्याच्या प्लॅनचे ४०० परत येतील. मे, जून, जुलैचे थांबलेले हप्ते ६००. उरले ५६५, ते दरमहा दोनशेपेक्षा कमीच बाजूला काढून होतात. टीएफएसएतल्या ४,२०० ला हात लावायचा नाही. ऑगस्टनंतर तेच दोनशे साध्या आरईएसपीत वळवा.

कनू विकत घ्यायचीच असेल तर दोन उन्हाळे भाड्याने चालवून बघा. मोसम संपता संपता, सप्टेंबरच्या सुमारास, भाड्याने देणारे आपल्या वापरलेल्या कनू विकायला काढतात. घेताना तळाचा मधला भाग आणि दोन्ही टोकं हाताने चाचपून बघा, खडकाला घासून तिथेच थर आधी उडतो.