प्रायमार्कची स्वस्ताई आणि २००८ चा वाद: नेमके काय सिद्ध झाले

तुम्ही विचारले आहे की, प्रायमार्क या स्वस्त कपड्यांच्या दुकानसाखळीवर बालमजुरीचा ठपका ठेवणाऱ्या बीबीसीच्या २००८ च्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमातील दृश्ये पुढे बनावट ठरली असतील, तर या कंपनीच्या स्वस्ताईमागे कामगारांचे शोषण आहे असे आजही म्हणणे अन्यायाचे नाही का. मी १४ वर्षे तयार कपड्यांच्या निर्यातीत मर्चंडायझर म्हणून, म्हणजे परदेशी खरेदीदार आणि कारखाना यांमधला दुवा म्हणून, काम केले आहे. बनावट दृश्यांची गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे, पण तिच्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी स्वस्ताईविषयी, कारण तिचा बराच भाग सरळ व्यापारातून येतो आणि ते मान्य केले पाहिजे. आर्थर रायन यांनी १९६९ मध्ये वेस्टन कुटुंबाच्या भांडवलावर डब्लिनच्या मेरी स्ट्रीटवर ‘पेनीज’ हे दुकान उघडले. ब्रिटनमध्ये शिरताना जेसी पेनी या अमेरिकी कंपनीचा त्या नावावरचा हक्क आड आला, म्हणून तेथे प्रायमार्क हे नाव घेतले गेले. आयर्लंडमध्ये आजही पेनीज हेच नाव चालते. जाहिरातीवर जवळजवळ खर्च करायचा नाही, नगामागे थोडाच नफा घ्यायचा, एकेका नमुन्याची प्रचंड ऑर्डर द्यायची आणि माल झपाट्याने खपवायचा, ही रायन यांची रीत होती. २००५ मध्ये लिटलवुड्स या ब्रिटिश साखळीची दुकाने विकत घेतल्यावर आणि २००७ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर भव्य दुकान उघडल्यावर ही साखळी ब्रिटनच्या प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत दिसू लागली. इतक्या कमी किमतीच्या कपड्यात घरपोच पाठवणीचा आणि परत आलेल्या मालाचा खर्च बसत नाही, म्हणून कंपनी ऑनलाइन विक्रीपासून दूर राहिली. २०२२ मध्ये ऑनलाइन मागवून दुकानातून घेऊन जाण्याची सोय सुरू झाली, तीही सुरुवातीला मोजक्या दुकानांत.

आता २००८ चे प्रकरण. तमिळनाडूतील तिरुपूरच्या पुरवठादारांकडून काम बाहेर जाते आणि टिकल्या लावण्याचे हातकाम लहान मुले करतात, हा कार्यक्रमाचा मुख्य आरोप होता. प्रसारणापूर्वीच प्रायमार्कने तीन पुरवठादारांशी संबंध तोडले. बंगळूरच्या एका कार्यशाळेत तीन मुले शिवण तपासताना दिसतात, त्या एका दृश्यावर कंपनीने आक्षेप घेतला आणि जून २०११ मध्ये बीबीसी ट्रस्टने, म्हणजे बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने, ते चित्रण खरे नसण्याचीच शक्यता अधिक आहे असा निर्णय दिला. बीबीसीला माफी मागावी लागली आणि मिळालेला पुरस्कारही परत करावा लागला. पत्रकारितेच्या दृष्टीने ही गंभीर चूक होती. परंतु त्याच निर्णयात ट्रस्टने असेही नोंदवले की, प्रायमार्कचे काम तिच्याच नैतिक नियमांना डावलून बाहेर दिले जात होते, याचा पुरावा कार्यक्रमात इतरत्र आहे. निर्णयाचा पूर्वार्ध सर्वांच्या लक्षात राहिला आणि हा उत्तरार्ध मागे पडला.

हे ‘बाहेर देणे’ समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. आमच्या धंद्यात त्याला जॉबवर्क म्हणतात. खरेदीदार दर खाली आणतो, तेव्हा कापूस, सूत, रंगणी, बटणे आणि वाहतूक यांचे भाव कारखानदाराच्या हातात नसतात; त्याच्या हातात उरते ती शिलाई आणि हातकाम. त्यातच नमुना उशिरा मंजूर होतो, पण जहाजाची तारीख मात्र हलत नाही. मग रात्रपाळी लागते, किंवा गठ्ठे एखाद्या छोट्या शेडमध्ये आणि तेथून घराघरांत जातात. ऑडिटसाठी येणारा माणूस मुख्य कारखान्यातील हजेरीपट, आग विझवण्याची साधने आणि स्वच्छतागृहे तपासतो. गठ्ठा कोठे गेला हे त्याच्या कागदावर येतच नाही. मीही अशा तारखा पाळण्यासाठी फोन करून तगादे लावले आहेत, आणि पलीकडचा माणूस ‘होईल’ म्हणाला की ते कसे होईल हे विचारले नाही. त्याची खंत मला आजही आहे.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मरण पावली. आदल्या दिवशी भेगा दिसल्यावर तळातील बँक आणि दुकाने बंद ठेवली गेली, पण शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. त्या इमारतीतील न्यू वेव्ह बॉटम्स हा कारखाना प्रायमार्कसाठी माल शिवत होता. हे कंपनीने लवकर मान्य केले, मदत आणि भरपाई मिळून सुमारे १.४ कोटी डॉलर दिले आणि इमारत सुरक्षेच्या बंधनकारक करारावर सुरुवातीलाच सही केली, ही गोष्ट तिच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. त्याच इमारतीत बेनेटन या कितीतरी महाग ब्रँडचाही माल शिवला गेला होता. त्यामुळे किंमत जास्त म्हणजे कामगाराला न्याय मिळाला, असे समजून महागडे दुकान गाठणाऱ्यांनाही त्यातून उत्तर मिळत नाही.

२०१४ मध्ये वेल्समधील स्वॉन्सी शहरातल्या प्रायमार्कच्या दुकानातील कपड्यांवर मदतीची याचना शिवलेली लेबले सापडली, त्याला मी पुरावा मानत नाही. ती ब्रिटनमध्येच कोणी खोडसाळपणे लावली असावीत असे कंपनीचे म्हणणे होते. त्यापेक्षा २०२० चे वर्ष अधिक बोलके आहे. टाळेबंदीत महिन्याची ६५ कोटी पौंडांची विक्री शून्यावर आली आणि कंपनीने ऑर्डरी थांबवल्या. कामगारांच्या वेतनासाठीचा निधी आणि राहिलेल्या मालाचे पैसे यांची हमी सार्वजनिक टीकेनंतर टप्प्याटप्प्याने आली. कापड विकत घेऊन, पगार देऊन माल तयार ठेवणारा कारखानदार तोवर अधांतरीच होता, कारण या व्यवहारात पैसे माल रवाना झाल्यानंतर मिळतात.

२०१८ पासून प्रायमार्क आपल्या कारखान्यांची यादी प्रसिद्ध करते, तेव्हा तुम्हाला स्वतः पडताळणी करायची असल्यास ती अवश्य पाहा. पण पाहताना एवढे लक्षात असू द्या की, तीत कपडा पूर्ण होऊन जेथून रवाना होतो त्या कारखान्याचे नाव असते, आणि २००८ मध्ये टिकल्या ज्या हातांनी लावल्या, ते हात अशा कारखान्याच्या बाहेर होते.