एकाने विचारलं: बॅटमॅनचा 'अर्खम असायलम' हा व्हिडिओ गेम संपवला. त्याचा पुढचा भाग 'अर्खम सिटी' खरंच त्याहून सरस आहे, की उगाच डोक्यावर घेतलाय?

माझं उत्तर: सरस आहे, लगेच खेळायला घ्या. ऑक्टोबर २०११मध्ये रॉकस्टेडी या गेम बनवणाऱ्या स्टुडिओने तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६०वर आणला, तेव्हा समीक्षांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर त्याला शंभरपैकी अनुक्रमे ९६ आणि ९४ गुण मिळाले. पण आकडे सोडा, मिस्टर फ्रीझ या सगळं गोठवणाऱ्या खलनायकाशी होणारी लढाई बघा.

पहिल्या भागातले बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावर भेटणारे मोठे शत्रू आठवा. बहुतेक वेळा एखादा धिप्पाड गडी अंगावर धावून येतो, आपण ऐनवेळी बाजूला व्हायचं, की झालं. फ्रीझचं तसं नाही. मागून गुपचूप जाऊन त्याला एकदा गाठलंत, की ती युक्ती पुन्हा चालत नाही. जमिनीखालच्या जाळीतून वार केलात, तर तो जाळ्याच गोठवून टाकतो. दर वेळी नवा डाव शोधावा लागतो. तोवर शिकलेलं सगळं त्या एका खोलीत पणाला लागतं. मी हात घामेजलेले असतानाही खूश होतो! बॉसची लढाई कशी रचावी हे मला कुणी विचारलं, तर मी आजही हीच दाखवतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उडणं. उंचावरून सूर मारायचा, जमीन जवळ आली की केप पसरून पुन्हा वर यायचं. शहर नुसतं मोठं केलेलं नाही, त्यातून फिरण्यातच मजा आहे.

उणिवा आहेत. असायलमची गोष्ट एका रात्रीत, एका बेटावर घट्ट बांधलेली होती. इथे ह्यूगो स्ट्रेंज हा खलनायक सुरुवातीला दरारा निर्माण करतो आणि नंतर जोकरच्या सावलीत हरवतो. कोडी घालणाऱ्या रिडलरने शहरभर लपवलेल्या ट्रॉफ्या शेकड्यांनी आहेत, सगळ्यांच्या मागे लागू नका. कॅटवुमन बनून खेळायचा भाग नव्या प्रतीसोबतच्या कोडशिवाय उघडत नसे, म्हणून जुनी डिस्क घेणाऱ्यांना वेगळे पैसे मोजावे लागत. त्यावर टीका झाली, आणि ती योग्यच होती. गुंड तिला ज्या शिव्या घालतात, त्याही अनेकांना खटकल्या. मलाही खटकल्या.

बॅटमॅनला आवाज देणारे केव्हिन कॉनरॉय आता नाहीत, त्यामुळे त्यांचा बॅटमॅन आणि मार्क हॅमिलच्या आवाजातला जोकर समोरासमोर ऐकताना गळा दाटतो. हेडफोन लावूनच खेळा.

आणि सुरुवातीलाच उडण्याची प्रशिक्षण आव्हानं पूर्ण करून ग्रॅपनेल बूस्ट (हुकाच्या दोरीने वर खेचलं जाताना थेट हवेत झेपावण्याची सोय) मिळवा. मग पाय क्वचितच जमिनीला लागतील.