‘फसवणूक’ कोणी केली, कोणाची?

मालवणचे एक वाचक मालवणीत व्हिज्युअल नॉव्हेल लिहीत आहेत. चित्रं आणि संवादांतून पुढे सरकणारी, खेळणाऱ्याच्या निवडीप्रमाणे वळणं घेणारी ही कथा प्रौढांसाठी आहे. त्यांचा प्रश्न असा: तिला ‘फसवणूक’, ‘बळजोरी’, ‘शिवीगाळ’ असे मराठी टॅग, म्हणजे कथेत काय आहे हे आधीच सांगणारे छोटे शब्द, दिले तर पुरे होतील का?

शब्द योग्य आहेत, पण पुरे होणार नाहीत. ही तिन्ही भाववाचक नामं. क्रियापदाचं असं नाम झालं की कर्ता, कर्म आणि काळ गळून पडतात. ‘फसवणूक’ म्हटलं की नायक फसवतो की त्याला फसवलं जातं, हे कळत नाही, आणि या प्रकारच्या कथांत वाचकाला नेमकं तेच आधी हवं असतं. जपानीत हा भेद टॅगमध्येच उतरला आहे. दुसऱ्याचा जोडीदार आपल्याकडे ओढणं या अर्थाच्या ‘नेतोरु’ या क्रियापदापासून ‘नेतोरी’ आणि ‘नेतोरारे’ असे दोन टॅग आले. पहिल्यात नायक ओढून नेणारा, दुसऱ्यात त्याचंच माणूस नेलं जातं. एकाचा चाहता दुसऱ्याला हातही लावणार नाही! मराठीत प्रत्यय हे काम करतील: ‘नायकाने केलेली फसवणूक’, ‘नायकाची फसवणूक’.

‘बळजोरी’ची अडचण अधिक गंभीर आहे. ती पडद्यावर दिसते, की कोणाच्या तोंडून नुसती कळते? खेळणाऱ्याने निवडली तरच घडते, की टाळताच येत नाही? ज्याला हा विषय सोसत नाही, त्याच्यासाठी या प्रश्नांची उत्तरंच महत्त्वाची. म्हणून मी इथे आख्खं वाक्य लिहीन: ‘बळजोरीचा उल्लेख आहे, दृश्य नाही, एका शेवटात येतो, तो टाळता येतो.’ २०१८ मध्ये स्टीम या संगणक-खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने प्रौढ खेळांना वाट मोकळी केली, तेव्हा निर्मात्याने आशयाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहायची सोयही ठेवली. ती जागा वापराच.

‘केवळ प्रौढांसाठी’वर विसंबू नका. सिनेमाच्या ‘ए’ प्रमाणपत्रामुळे तो शब्दप्रयोग रुळला, पण रक्तपाताला आणि शृंगाराला तिथे एकच अक्षर.

राहिली ‘शिवीगाळ’. हा टॅग तुमच्या कथेवर अन्यायच करेल. ‘मेल्या, खंय होतंस?’ म्हणणारी आजी नातवाला शिवी देत नसते, जवळ घेत असते. ‘शिवीगाळ’ या शब्दात भांडण गृहीत आहे. ‘बोलीतल्या शिव्या, बहुतेक मायेच्या’ असं लिहा. वेंगुर्ल्यापासून देवगडपर्यंत कोणालाही अर्थ सांगावा लागणार नाही, आणि पुण्याच्या वाचकालाही अंदाज येईल.

एक पेच मात्र उरतो. नेमका टॅग कथेतलं रहस्य फोडतो. व्हिज्युअल नॉव्हेलची सूची ठेवणाऱ्या व्हीएनडीबी या संकेतस्थळावर अशा टॅगला रहस्यभेदाची खूण करून तो झाकता येतो. तुम्हीही इशारे दोन भागांत द्या: सर्वांना दिसणारे वर, कथा उघडी करणारे खाली झाकून. ज्याला गरज आहे तो उघडून वाचेल.