वाचकांचे प्रश्न : शंभर टनी मेक सर्वांत आधी का पडतो?

प्रश्न : मी मूळचा निपाणीकडचा असून सध्या बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरी करतो. रात्री मित्रांबरोबर मेकवॉरिअर ऑनलाइन हा ‘मेक’ म्हणजे आत बसून चालवायच्या अवाढव्य लढाऊ यंत्रांचा संगणकावरील खेळ खेळतो. अलीकडे मी अ‍ॅटलस हा शंभर टनी मेक घेतला आहे. चिलखत पूर्ण भरूनही बहुतेक सामन्यांत आमच्या संघातून पहिला किंवा दुसरा मीच बाद होतो आणि हलके मेक चालवणारे मित्र शेवटपर्यंत टिकतात. माझे काय चुकत असावे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : चिलखत किती आहे, यापेक्षा तुम्ही पहिल्या मिनिटात कोठे जाता, हे आधी तपासावे. तीनशे रेटिंगचे मूळ इंजिन असलेला अ‍ॅटलस ताशी 48.6 किलोमीटरच धावतो, तर हलके मेक सहज शंभरी ओलांडतात. बारा विरुद्ध बाराच्या सामन्यात दोन्ही संघ पुष्कळदा नकाशाच्या मध्याभोवती गोल फिरू लागतात. खेळाडू याला ‘नॅस्कर’ म्हणतात. या फेऱ्यात जड मेक शेपटाला उरतो आणि मागून आलेल्या शत्रूच्या हाती एकटा सापडतो. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला वळणाचा विचार वळणाच्या बराच आधी करावा लागतो, तसेच येथे आहे. उतरल्याबरोबर नकाशा उघडून आतल्या बाजूची जवळची वाट धरावी आणि आपण हळू आहोत, थांबा, असे संघाला बोलून सांगावे. बोलायला संकोच करणारे खेळाडू बरेच दिसतात. तो संकोच अ‍ॅटलसवाल्याला परवडत नाही. एवढे करूनही मागे पडलात, तर संघामागे धावत पाठ उघडी टाकण्यापेक्षा एखाद्या इमारतीला पाठ लावून, शत्रूकडे तोंड करून उभे राहणे बरे.

दुसरी गोष्ट मार अंगावर घेण्याच्या पद्धतीची आहे. मेकला एकच आयुष्यपट्टी नसते; डोके, मधले धड, डावे व उजवे धड, हात आणि पाय यांचे चिलखत वेगवेगळे मोजले जाते. मधले धड फुटले की सामना संपला, मग दोन्ही हात शाबूत असले तरी त्यांचा उपयोग नाही. म्हणून गोळीबार करताना समोर पाहावे आणि शस्त्रे पुन्हा तयार होईपर्यंतचे काही सेकंद धड बाजूला वळवावे, म्हणजे येणारा मार हात व बाजूचे धड यांच्यात वाटला जातो. अ‍ॅटलसच्या डी प्रकारात मोठी ऑटोकॅनन, म्हणजे आपोआप भरणारी तोफ, उजव्या धडात असते. तिच्यावर तुमची सारी मदार असेल, तर वळताना डावी बाजू पुढे करावी. नवखे खेळाडू मात्र ऑटोकॅनन भरेपर्यंत शत्रूकडे टक लावून उभे राहतात, आणि मला वाटते, तुमचा निम्मा जीव तेथेच जात असावा.

इंजिनही पाहून घ्यावे. वजन वाचवण्यासाठी तुम्ही इनर स्फिअरचे (खेळातील एका गटाच्या बनावटीचे) एक्सएल इंजिन बसवले असेल, तर ते काढा. ते दोन्ही बाजूंच्या धडांत पसरलेले असल्यामुळे एक बाजू गेली तरी मेक मरतो, आणि मग धड वळवण्याचा सारा खटाटोप उलटाच पडतो. स्टँडर्ड इंजिनावर दोन्ही बाजू गमावूनही लढता येते. लाइट इंजिन एक बाजू गेलेली सोसते. पाठीचे थोडे चिलखत पुढे घ्यायला हरकत नाही, पण पाठ अगदीच मोकळी ठेवू नये, कारण हलक्या मेकचा डोळा तिच्यावरच असतो. शस्त्रे झाडताना मेकमध्ये साठणाऱ्या उष्णतेकडेही लक्ष असू द्यावे. सगळी शस्त्रे एकदम झाडून मेक बंद पडला, की तो शत्रूसाठी उभा नेम ठरतो.

जपून खेळणे म्हणजे मागे लपून बसणे नव्हे, हेही सांगून ठेवतो. चिलखत कोरे ठेवून शेवटी एकटा उरलेला अ‍ॅटलस संघाच्या काही कामाचा नसतो.

प्रश्न : लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांखाली माझा किंग क्रॅब हा शंभर टनी मेक उघड्यावरच मरतो. उपाय सांगावा.
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : क्षेपणास्त्रे येत असल्याचा इशारा ऐकू आल्यावर आडोसा शोधू नका, शंभर टन तोवर पोहोचत नाहीत. एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर आधी मोजून मगच पाय उचलावा. क्षेपणास्त्रे वरून येत असल्याने बुटका दगड उपयोगी नाही, उंच भिंत किंवा कडा हवा. इनर स्फिअरच्या या क्षेपणास्त्रांचा 180 मीटरच्या आत परिणाम होत नाही, म्हणून मारणारा जवळच असेल, तर मागे सरण्याऐवजी त्याच्या अंगावर जावे. जागा उरत असल्यास क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवावी.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज व नेट दोन्ही बेभरवशाचे असतात आणि खेळ अडखळतो. अशा वेळी जड मेक घ्यावा की हलका?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : जड. हलका मेक वेगावर आणि क्षणात वळण्यावर जगतो, आणि अडखळणाऱ्या नेटवर नेमके तेच साधत नाही. जड मेक एक-दोन गोळ्या जास्तीच्या खाऊनही उभा राहतो. मात्र दोन सोबत्यांच्या मध्ये राहावे, म्हणजे तुमचे चित्र गोठले तरी बाजू कोणीतरी सांभाळतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. वादळी रात्री मात्र संघाला खड्ड्यात घालण्यापेक्षा सरावाच्या मैदानात धड वळवण्याचा सराव करावा.