वाघ-सिंहांच्या शेजारी राहून बिबट्या तगतो कसा? आणि वस्तीजवळ आलेल्या बिबट्याला उचलून दूरच्या जंगलात का सोडत नाहीत?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. बिबट्या जगतो तो आपल्या इलाख्याच्या ओळखीवर. कुठल्या ओढ्यावर चितळं उतरतात, कुठलं झाड चढायला सोपं, कुठल्या कपारीत पिल्लं लपतील, हे त्याला पाठ असतं.

खाण्याच्या बाबतीत तो अजिबात चोखंदळ नाही. उंदीर, पक्षी, माकड, भेकर, रानडुकराचं पिल्लू, मिळेल ते चालतं. म्हणूनच आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाच्या कोरड्या मुलखात तो शिकारीच्या अंगातल्या ओलाव्यावर कित्येक दिवस काढतो आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या बर्फातही राहतो. आफ्रिकेत सिंह आणि तरस शिकार हिसकावतात, म्हणून तिथला बिबट्या स्वतःच्या वजनाहून जड धूडही झाडावर ओढून नेतो. श्रीलंकेत ना वाघ ना सिंह. तिथले बिबटे हा खटाटोप क्वचितच करतात. शेजारी कोण आहे ते पाहून वागणं, हे त्याचं खरं बळ. वाघ दाट असतील तिथे तो जंगलाच्या कडेला सरकतो, आणि कडेला माणसं असतात.

खरी परीक्षा पिल्लांची. मादी बहुधा दोन-तीन पिल्लं देते, थोड्या थोड्या दिवसांनी जागा बदलत राहते आणि दीड-दोन वर्षं एकटीच त्यांना वाढवते. एका पायवाटेवर मी मादीच्या ठशांमागे दोन पिल्लांचे ठसे पाहिले होते. पुढच्या खेपेला फक्त एकाचे दिसले. दुसऱ्याचं काय झालं ते कळलं नाही, पण ती वाट अजून डोळ्यांसमोर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड या राखीव जंगलात बिबट्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. तिथे निम्म्याहून अधिक पिल्लं स्वतंत्र होण्याआधीच मेली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण परके नर होते. नवा नर इलाखा बळकावतो तेव्हा आधीच्या नराची पिल्लं मारतो, म्हणजे मादी लवकर पुन्हा माजावर येते.

म्हणून जम बसलेला नर फाशात अडकून किंवा कातड्यासाठी मारला गेला, की नुकसान एका जनावरापुरतं राहत नाही. त्याच्या धाकाने बाहेर राहिलेले नर आत शिरतात आणि पिल्लं जातात. आपण मात्र एक मेला म्हणून मोजतो, हे मला फार खटकतं.

पकडून दूर सोडल्यानेही हेच होतं. जुन्नर भागात २००१ पासून बरेच बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले. त्यानंतर त्या भागात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. अनोळखी मुलखात टाकलेल्या बिबट्याला ना पाणी ठाऊक, ना लपायची जागा. तो घराच्या दिशेने निघतो आणि वाटेत गावं लागतात. इकडे त्याच्या रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा बिबट्या येतो, बहुतेक वेळा हद्द शोधत फिरणारा तरुण नर, ज्याला तिथल्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा अजून कळायच्या असतात.