मेसेलचा दर्शनी भाग आणि त्यामागचा चौक

अनेक उत्तम आशीर्वाद.

वेर्टहाइमच्या दर्शनी भागाचे तुझे रेखाटन आणि सोबतचा लेखाचा मसुदा पोहोचला. बर्लिनच्या लाइपझिगर श्ट्रासवर वास्तुकार आल्फ्रेड मेसेलने 1896-97 मध्ये उभारलेल्या त्या डिपार्टमेंट स्टोअरचे दगडी खांब तळापासून छपरापर्यंत अखंड चढत जातात आणि मधली बहुतेक सारी जागा काचेला मिळते, हे तू अचूक टिपले आहेस. मात्र मेसेलची सारी कारकीर्द या एका चित्रावर तोलू नकोस. तसे तोलणारे या खांबांसाठी त्याला आधुनिकतेचा अग्रदूत म्हणतात आणि त्याच दुकानाचा 1904 ते 1906 या काळातला लाइपझिगर प्लाट्झवरचा कोपरा, म्हणजे गॉथिक वळणाचा, शिल्पांनी सजलेला, उंच उतरत्या छपराचा भाग, समोर आला की त्याने माघार घेतली असे म्हणून मोकळे होतात. तुझ्या मसुद्यातही तेच वाक्य आहे. ते काढून टाक.

त्याऐवजी नकाशा समोर घे. भूखंड खोल आहे, विक्रीचे मजले एकावर एक आहेत आणि रस्त्याकडची काच कितीही मोठी केली तरी तिचा उजेड आत थोड्याच अंतरापर्यंत पोहोचतो. पुढे गिऱ्हाईक अंधारात, आणि अंधारात कापडाचा खरा रंग कळत नाही. म्हणून मेसेलने इमारतीच्या पोटात अनेक मजले उंचीचा, काचेच्या छपराचा चौक ठेवला आणि विक्रीचे मजले त्याच्याभोवती गुंफले. पुढच्या टप्प्यांत दर्शनी भागाची भाषा बदलली, पण आतल्या उजेडाची ही निकड बदलली नाही. कोपऱ्याला एका मोठ्या खुल्या जागेसमोर उभे राहायचे होते, रस्त्याच्या रांगेत नव्हे. त्याचा चेहरा वेगळा असण्याला एवढे कारण मला पुरेसे वाटते.

आता ज्या कामांचा तुझ्या मसुद्यात उल्लेखही नाही, त्यांच्याकडे वळतो, कारण माझ्या मते मेसेल तेथेच खरा उलगडतो. बर्लिनमधल्या भाड्याच्या चाळवजा इमारतींची आतली अंगणे कमीत कमी केवढी असावीत, याचा 1853 चा नियम आगीच्या बंबाला वळता यावे या हिशेबाने ठरला होता: 5.34 मीटर लांब, तेवढेच रुंद. माणसाला उजेड आणि हवा किती लागते, याचा त्यात विचार नव्हता. 1887 मध्ये नियम बदलला, तरी जुन्या इमारती तशाच उभ्या होत्या. अशा शहरात मेसेलने 1893-94 मध्ये मोआबिटमधल्या झिकिंगेनश्ट्रासवर, 1897-98 मध्ये प्रोस्काउअर श्ट्रासवर आणि 1899 पासून वाइसबाख नावाच्या घरांच्या गटात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधली. प्रोस्काउअर श्ट्रासवर घरे भूखंडाच्या कडेने मांडून त्याने मधला भाग एकच प्रशस्त चौक म्हणून मोकळा सोडला. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघ: वेर्टहाइमचे काचेखालचे दालन आणि कामगारांच्या घरांमधला हा चौक एकाच माणसाच्या टेबलावर, जवळपास एकाच वेळी आखले जात होते. खोल भूखंडाच्या मध्यापर्यंत उजेड कसा न्यायचा, हा प्रश्न तो दोन्हीकडे सोडवत होता, आणि गरिबाच्या घरासाठी त्याने तो कमी निष्ठेने सोडवला नाही, याचा मला फार आदर वाटतो.

बाकी तपशील थोडक्यात देतोस तसेच असू देत: 1853 मध्ये डार्मश्टाटमध्ये जन्म, 1881 चे वास्तुकलेतले शिंकेल पारितोषिक, वेर्टहाइमसाठीच 1894 चे ओरानियनश्ट्रासवरचे दुकान. फक्त बर्लिनच्या पेर्गामॉन संग्रहालयाला एक परिच्छेद अवश्य दे. 1907 मध्ये त्याचे आराखडे मेसेलकडे आले, 1909 च्या मार्चमध्ये वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो गेला, आणि त्याचा बालमित्र लुडविग होफमान याने ते काम पुढे नेले. संग्रहालय 1930 मध्ये उघडले. तिथल्या पेर्गामॉनच्या प्राचीन वेदीच्या दालनातही उजेड वरून, काचेतून येतो.

लाइपझिगर श्ट्रासवरचे दुकान आता पाहता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याची हानी झाली आणि 1955-56 मध्ये ते पाडले गेले. पण छायाचित्रे आणि नकाशे आहेत. त्यांवरून त्या चौकातून जाणारा उभा छेद काढ, आणि त्याच कागदावर, त्याच प्रमाणात, प्रोस्काउअर श्ट्रासच्या चौकाचा छेद. दोन्हींत सूर्यकिरण कुठवर पोहोचतो ते पेन्सिलीने दाखव. तो कागद माझ्याकडे पाठव. मसुद्याचे पुढचे आपण त्यानंतर बोलू.